कोरगुटाची पट्टी

त्या दाखल्यातल्या मालकाचा मला पहिल्या वाचनालाच राग आला. मालक शेतात चांगले बी पेरतो. लोक झोपलेले असताना शत्रू येतो आणि त्याच शेतात तणाचे बी टाकून जातो. रोपे वर आल्यावर गडी विचारतात, उपटून टाकू का? मालक म्हणतो, नको, तण उपटताना गहूही हाताला येईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मग कापणाऱ्यांना सांगेन, आधी तणाच्या पेंढ्या बांधून जाळा आणि गहू कोठारात भरा. पुढे येशूच त्याचा अर्थ सांगतो, की कापणी म्हणजे जगाचा शेवट आणि कापणारे म्हणजे देवदूत. मी पुस्तक मिटले आणि म्हटले, "मावशी, ह्या तुज्या मालकाक शेतांतलें कांयच कळना."

"तो मालक," मावशी म्हणाली. "तूं मास्तर. वाच फुडें."

मावशी म्हणजे आमची शेजारीण. आमचे गाव गोव्यात, पेडण्याला, हळर्णच्या खाली, जिथे नदीत भरतीचे खारे पाणी चढते तिथे. मावशी ख्रिस्ती, आम्ही हिंदू, मध्ये एक कुंपण आणि कुंपणात ये-जा करून पडलेली वाट. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, एकुलती लेक डिचोलीला दिलेली. घर आणि नदीच्या बांधाला लागून खाजणातला, म्हणजे खाऱ्या जमिनीतला, भाताचा एक कुणगा, एवढ्या तुकड्यावर ती एकटी राहत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवत असे. शाळा सुटली की तिच्या सोप्यावर बसायचे, पोदेराचा उंडा, म्हणजे पाव, चहात बुडवून खायचा आणि तिला तिच्या धर्माचे पुस्तक वाचून दाखवायचे, हा माझा नेम झाला होता. पुस्तक रोमन अक्षरांतल्या कोकणीत. मी अडखळत वाचायचो आणि ती मला न बघता दुरुस्त करायची, कारण अर्धेअधिक तिला पाठच होते.

त्या पुस्तकात कापणी जागोजागी येते. एकीकडे सूप हातात घेऊन कोणीतरी खळ्यात उभा आहे, दाणे एकीकडे आणि भूस आगीत. शेवटच्या भागात तर ढगावर बसलेला कोणी पृथ्वीवर विळाच चालवतो, कारण पीक पिकले आहे. मला ते खटकायचे. आमच्याकडे कापणी म्हणजे नव्या कणसांची जुडी दाराला बांधायची, नव्या तांदळाची खीर करायची. त्यांच्याही चर्चमध्ये पाद्री पहिली कणसे कापून आणतो, बँड वाजतो, फेस्त होते. मग पुस्तकातच कापणीला हा धाक कशाला?

पण माझा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो मला फार हुशारीचा वाटत होता. आमच्याकडे भातात देवभात नावाचे तण येते. दिसायला भातच. पसवेपर्यंत ओळखू येत नाही. कणीस बाहेर पडले, की त्याला लांब तांबूस कुसळे दिसतात. आणि त्याची खोड अशी, की भात पिकण्याआधी ते पिकते आणि आपले दाणे चिखलात गाळून मोकळे होते. "म्हणजे बघ," मी मावशीला म्हटले, "देवदूत विळे घेवन येतले तेन्ना देवभाताचें काड मेळतलें. बीं केन्नाच जमनींत गेलां. फुडल्या वर्सा दुप्पट. असलो न्याय कसलो गो? उशिरा केल्लो न्याय म्हळ्यार तणाक राखण."

मावशी हसली. "मागीर तूं कितें करतलो आसलो?"

"कुसळ दिसलें काय उपटून उडयतलों."

हे मला लहानपणी शिकवलेले होते. कुसळ दिसले की उपट. शेतीतले मला येत होते ते एवढेच. वडील मी लहान असताना गेले, आमची शेते काका बघत, आणि मी शाळा-कॉलेजसाठी वयाची दहा वर्षे म्हापशाला काढून पदवी घेऊन परतलेला. चिखलात पाय न घालता शेतीवर बोलणारी माणसे गावात कमी नव्हती, त्यांत माझी एक भर.

ते भाषेच्या वादाचे दिवस होते. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून घराघरांत चुली वेगळ्या व्हायच्या बाकी राहिल्या होत्या. रस्त्यावर झाडे पाडून बस अडवत. मी मराठीच्या बाजूचा, आणि नुसता बाजूचा नव्हे, तर पुढे पुढे करणारा. आमच्या मंडळींनी वाड्यावरच्या घरांची नोंद करायचे काम मला दिले होते. मी शंभरपानी वही घेतली. पहिल्या पानावर आपले, दुसऱ्या पानावर त्यांचे. तिसरे पान ठेवायचे माझ्या डोक्यातही आले नाही.

सह्या गोळा करत मी मावशीकडेही गेलो. शाईची डबी पुढे केली. तिने आधी ती हुंगली.

"पुता," ती म्हणाली, "मागणें हांव कोंकणींत करतां. तुमच्या देवळांत सप्ताह आसता तेन्ना मराठी भजनां जनेलांत बसून आयकतां, तींय माकां बरीं लागतात. आतां तूंच सांग, आंगठो खंयच्या हाताचो दिवं?"

मी तिला अर्धा तास भाषा आणि बोली यांतला फरक समजावला. ती मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली, "च्या थंड जाली तुजी." मी घरी येऊन तिचे घर दुसऱ्या पानावर लिहिले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा जाऊन वाचायला बसलो. तिला काही बोललो नाही. आजही ते आठवले की स्वतःच्या कानफटात द्यावीशी वाटते.

चवथीनंतर मावशीची लेक येऊन तिला डिचोलीला घेऊन गेली. डोळ्यांचे ऑपरेशन ठरले होते, पंधरा दिवस ती तिथेच राहणार होती. जाताना मला म्हणाली, "कुणग्याचेर दोळो दवर."

मी दोन्ही डोळे ठेवले. कुणग्याचा वरचा भाग छान दिसत होता. तिथे माझ्याच सांगण्यावरून तिने त्या वर्षी सुधारित बियाणे लावले होते. खात्याचा फॉर्म मी भरला, पोते मी सायकलवरून आणले. कणसे एकसारखी, गुळगुळीत, कुसळाचे नाव नाही. आणि खाली बांधाला लागून एक पट्टी होती, ती बघून माझे डोके फिरले. सगळी पट्टी कुसळांनी भरलेली. उंच, तांबूस, वाऱ्याने आडवी-तिडवी झालेली. मला वाटले, बघा, मालकाचे ऐकून राहू दिले आणि अख्खी पट्टी देवभाताने खाल्ली. आता दाणे गळले की वरच्या भातातही हेच.

तीन दिवस मी पहाटे उठून, शाळेच्या आधी, ती पट्टी उपटली. कोणाला बोलावले नाही. मूठमूठ धरायची, मुळासकट ओढायची, बांधावर टाकायची. हाताला फोड आले. मला इतके बरे वाटत होते, की त्या वर्षीच्या सगळ्या सभा आणि घोषणा एकीकडे आणि ते तीन दिवस एकीकडे. वाद संपत नव्हता, सरकार ऐकत नव्हते, पण इथे निदान एक जागा माझ्या हाताने स्वच्छ होत होती. बांधावरचा ढीग गुरांनी खाल्ला, तुडवला.

आईला मी फुशारकीने सांगितले. ती भाजी चिरत होती, थांबली. "सगळें उपटलें? आणि माजें पंचमीचें भात?"

ऋषिपंचमीच्या उपासाला पेरलेले धान्य चालत नाही. देवभात कोणी पेरत नाही, म्हणून ते चालते. आईला ते दरवर्षी मावशी द्यायची, एका खोबरेलाच्या जुन्या डब्यात भरून. हे मला माहीत होते, पण त्या डब्याचा आणि त्या पट्टीचा संबंध माझ्या डोक्यात कधी जुळला नव्हता. मी आईवरच ओरडलो. "तुज्या एका दिसाच्या उपासाखातीर लोकांच्या शेतांत तण वाडोवपाचें?"

आई म्हणाली, "ओरडूं नाका. मावशी येवंदी, तिका विचार."

मावशी काळा चष्मा लावून आली. डॉक्टरने वाकू नको म्हणून सांगितले होते. घरात शिरण्याआधी ती टोपली घेऊन कुणग्याकडे निघाली, मी मागोमाग, शाबासकी ऐकायला. पट्टीच्या कडेला ती उभी राहिली. चष्मा वर केला, परत खाली घेतला. मग बांधावर गुरांनी सोडलेल्यातली चार कणसे उचलून तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांवरून हळूच हात फिरवला. एकही दाणा सुटला नाही.

"हें देवभात न्हय रे," ती म्हणाली. "कोरगूट हें."

कोरगूट म्हणजे खाऱ्या पाण्यात तगणारे जुने भात. त्यालाही कुसळ असते, तेही उंच आणि तांबूस. वरच्या मळ्यांत ते कोणी लावत नाही, म्हणून आमच्या घरात कुसळ म्हणजे तण एवढेच शिकवलेले. मावशीने वरच्या भागात माझे सुधारित बियाणे लावले, आणि तिच्या आईकडून आलेले कोरगुटाचे बी त्या पट्टीत धरून ठेवले, पुढच्या वर्षासाठी. घरात एक मूठही राखलेली नव्हती. सगळे बी त्या पट्टीत उभे होते, आणि ते अजून दुधावर असताना मी उपटले.

त्यात देवभातही होते. पण तिला ते उपटावे लागत नसे. भात पिकायच्या आधीचे आठ-दहा दिवस ती रोज सकाळी टोपली कमरेला धरून पट्टीतून फिरायची आणि कणसांवरून हात फिरवायची. देवभाताचे दाणे हात लागताच गळतात, ते टोपलीत पडत. कोरगूट धरून राहते. दोन वर्षे डोळ्यांनी दिसत नसताना ती हे करत होती. टोपलीत पडलेले आमच्या आईच्या डब्यात जायचे. जमिनीत फारसे काही पडायचे नाही. मी ज्याला मालकाचा आळस म्हणत होतो, ते तिचे रोजचे काम होते.

मी म्हटले, "मावशी, गाळी घाल माकां."

"घालून कितें, तें परत उबें रावतलें?" ती म्हणाली आणि टोपली उलटी करून तिच्यावर बसली. माझ्यावर ती ओरडली नाही याचाच मला संताप आला. ओरडली असती तर मीही काहीतरी बोललो असतो, डॉक्टर, चष्मा, तू आधी का नाही सांगितलेस, काहीही. आमच्याकडे म्हणतात सुक्याबरोबर ओलेही जळते. इथे सुके थोडे होते, ओलेच मी जाळले होते.

त्या कापणीला वरचे सुधारित भातही फसले. अमावास्येच्या भरतीला बांधातून पाणी पाझरले आणि निम्मी कणसे पोचट भरली. दिवाळीनंतर लेक पुन्हा आली. या वेळी मावशीची ट्रंकही नेली. मी बसपर्यंत ट्रंक उचलून दिली. "बीं ना तर हांगा रावन कितें करूं?" मावशी म्हणाली. "त्या खारटांत दुसरें कांय जायना." घराला कुलूप लागले. कुंपणातल्या वाटेवर गवत वाढले.

बी आणायचे मी मनावर घेतले. खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने सुधारित बियाण्याची पत्रके दिली, तीच, जी मी वर्षापूर्वी वाटली होती. हळर्णला विचारले. लांबच्या एका नात्यातल्या घरी इब्रामपूरला गेलो, तिथले लोक हसले. त्यांच्या गावात नदीचे पाणी गोडे, तिथे कोरगूट कशाला असणार? म्हटले ना, शेतीतले मला एवढेच येत होते. आणि जिथे असण्याची शक्यता, नदीच्या खालच्या अंगाला, त्या बहुतेक घरांची नावे माझ्या वहीत दुसऱ्या पानावर होती.

एव्हाना कायदा झाला होता. कोकणीला राजभाषेचे नाव मिळाले, मराठीलाही जागा मिळाली, आणि दोन्ही बाजू घुश्शात घरी गेल्या. मी तर महिनाभर कोणाशी धड बोललो नाही. त्या चेहऱ्याने मी एके दिवशी दुसऱ्या पानावरच्या पहिल्याच घराच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. मिशाळ शेतकरी, आमच्याच धर्माचा, दुरून आमच्या सोयऱ्यांतलाही. बाजारात चारचौघांत त्याने मला विचारले होते, "घरांत आवयकडे खंयची भास उलयता रे तूं?" आणि मी उत्तर न देता त्याला भाषाद्रोही म्हटले होते.

"कोरगूट जाय आसलें," मी म्हटले. "एक पायली. मावशीच्या कुणग्याक. चूक माजी जाली."

त्याने मला बसायला सांगितले नाही, जा म्हणूनही सांगितले नाही. आत गेला आणि एक पोतडी घेऊन आला. "ह्यांत देवभात आसतलें. आमी वेंचूंक ना. जाय जाल्यार व्हर." मी पोतडी खांद्यावर घेतली तसा मिशीत हसत म्हणाला, "पळय, मागतना कोंकणींत मागलें मरे तुवें." माझ्याकडे याला उत्तर होते. पायली हातची जाऊ नये म्हणून मी ते गिळले.

पोतडी घेऊन मी बसने डिचोलीला गेलो. खाणींचे ट्रक, तांबडी धूळ, लेकीच्या घरच्या खुर्चीवरही तांबडी धूळ. मावशी दारात बसलेली. तिला आता चांगले दिसत होते आणि तिने मला दुरूनच ओळखले. तिने बी सुपात ओतून घेतले, बोटे आत घातली, चाळवले.

"देवभात आसा ह्यांत."

"तर काडून दी," मी म्हटले. "तुका कळटा."

"बियेंत कशें कळटलें? दोगांयचीं रुपां सारकीं. शेतांत उबें रावले बगर कळना. पेर."

"तण आसा म्हूण खबर आसून पेरूं?"

"पेर म्हण्टां न्हय?"

"आणि मागीर?"

"मागीर रावप."

मी तिच्या लेकीसमोर आवाज चढवला. म्हटले, वर्षभर मी याच गोष्टीवर तुझ्याशी भांडलो, आणि आता माझ्याच हाताने तेच करायला लावतेस. चूक माहीत असताना मातीत घालायची आणि हात बांधून बघत बसायचे, हा कुठला न्याय? लेकीने चहाचा कप जरा जोरातच माझ्यापुढे ठेवला. मावशी सूप पाखडत राहिली. भूस उडाले, दाणे राहिले, देवभाताचेही राहिले.

"पंचमेक तुज्या आवयक कितें दितलीं आमी, तें पयलीं चिंत," ती म्हणाली. पुढची पंचमी तर गेल्यातच जमा होती. डबा रिकामाच होता.

गोवा राज्य झाले त्या पावसाळ्यात मी मावशीच्या कुणग्यात कोरगूट लावले. काकांनी नांगर धरला, लावणी आईने आणि मी केली. माझ्या ओळी बघून आई म्हणाली, शाळेत फळ्यावरही इतकेच वाकडे लिहितोस काय? रोपे वर आली, वाढली, सगळी एकसारखी हिरवी. ऋषिपंचमीला आई डब्याकडे एकदा बघून फळांवर राहिली. मग पसवण झाली. कुसळे दिसायला लागली, सगळ्या कुणग्यावर. मी रोज सकाळी बांधावर जाऊन उभा राहायचो. हात शिवशिवत होते. काही कणसे जास्त तांबूस वाटायची, काही जास्त उंच. शंभर टक्के तण आहे असे वाटणारे एक ताट मी दोनदा मुठीत धरले आणि दोनदा सोडले. इतके अवघड काम मी आयुष्यात दुसरे केलेले नाही, आणि त्यात करायचे तर काहीच नव्हते.

सप्टेंबरअखेर मावशी आली. ट्रंक नव्हती, हातात पिशवी आणि दोन टोपल्या. कुलूप काढले नाही, सरळ कुणग्याकडे आली. एक टोपली देऊन मला पुढे घातले. "दोळे धांप आनी हात फिरय," म्हणाली. मी डोळे मिटून कणसांवरून हात फिरवला. कधी दाणे टोपलीत टपटपले, कधी नुसती कुसळे तळव्याला टोचली. मागून ती यायची आणि मी सोडलेल्यांवरून हात फिरवायची. माझ्या मागे तिच्या टोपलीत बरेच पडत होते.

"कितें उपटलें तुवें?" शेवटी बांधावर बसल्यावर तिने विचारले.

"कांयच ना."

टोपलीतले देवभात तिने पदरात ओतून घेतले, आईसाठी. मग सहज म्हणाली, "आनी ती वही? तातूंत माजें नांव खंय बरयलां तुवें?"

तिला माहीत होते. मी सोप्यावर बसून तिचा चहा पीत वाचत होतो, त्या सगळ्या संध्याकाळी तिला माहीत होते.

"दुसऱ्या पानाचेर," मी म्हटले. "आजच पिंजून उडयतां मावशी. दोनूय पानां."

"पिंजूं नाका," ती उठत म्हणाली. "कापणेपर्यंत रावंदी."

मग तिने पिशवीतून घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली, दार पावसात फुगले होते, ते तिला एकटीला उघडले नसते.